मदत हवी आहे: भाऊ दवाखान्यात यायला तयारच नाही, जळगाव-धुळ्याकडे कोणाला गाठायचं?

मंडळी नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले. मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू होत्या तोवर कपाशीची फवारणीसुद्धा एकटा करायचा. तालुक्याला गोळ्या मिळेनाशा झाल्या, खंड पडला. आता जेवणात विष घातलंय म्हणतो, रात्रभर शेतात फिरतो. माय घाबरून शेजाऱ्यांच्या घरी झोपते.

डॉक्टर म्हणतात, पेशंटला घेऊन या. पोलीस म्हणतात, काही गुन्हा घडू द्या, मग येतो. म्हणजे कोणाचं डोकं फुटायची वाट बघायची का? भगताकडे न्या सांगणारे मात्र रोज दारात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ वाचला. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका दिसत असेल, तर पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, असं कलम १०० सांगतं. कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाच्या) अर्जावर भरती होते. पण हा अर्ज खान्देशात कोणी प्रत्यक्ष केलाय का? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी, सगळी प्रादेशिक मनोरुग्णालयं इथून लांब. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (टेली-मानस) बोलणारे चांगले आहेत, पण घरी कोण येणार?

पोलिसांना लेखी अर्ज कसा द्यायचा? मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा उपयोग होतो का? घरी येऊन तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात कुठे मिळतं, तेही सांगा. बांधून नेण्याचा सल्ला कृपया नको.