डबल फॉल्टवाली डेमेंटिएव्हा जगात तिसरी कशी झाली?

क्रीडाशिक्षक_आर्वी

तालुक्याच्या शालेय लॉन टेनिससाठी १४ वर्षांखालच्या तीन मुलींचा सराव सुरू आहे. दोघींची पहिली सर्व्हिस बरी पडते. दुसरी एकतर नेटमध्ये, नाहीतर सर्व्हिस लाइनच्या दोन हात पुढे, म्हणजे डबल फॉल्ट, गुण समोरचीला. एका पालकांचं म्हणणं असं की रशियाच्या एलेना डेमेंटिएव्हाची सर्व्हिस याहून वाईट होती, तरी ती जगात तिसरी झाली अन् ऑलिम्पिक जिंकली, मग सर्व्हिसवर वेळ कशाला घालवता? मैदान म्हणजे सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट, त्यावर चुन्याच्या रेषा. तिच्या खेळातून नेमकं काय घ्यावं, काय सोडावं? ठोस सांगा.

रिटर्न_आधी

सर, पालकांचं अर्धं खरं आहे.

ती मॉस्कोची, जन्म १९८१ चा, १९९८ पासून व्यावसायिक. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रौप्य, अंतिम सामन्यात व्हीनस विल्यम्सकडून हार. त्याच वर्षी यूएस ओपनची उपांत्य फेरी. पहिलं डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिसचं) विजेतेपद मात्र २००३ मध्ये, अमेलिया आयलंडला, डेव्हनपोर्टला हरवून. एकेरीची एकूण १६ विजेतेपदं, एप्रिल २००९ मध्ये तिसरा क्रमांक, अन् ऑक्टोबर २०१० मध्ये दोहाला निवृत्ती. म्हणजे जवळपास दहा वर्षं वरच्या फळीत. हे सर्व्हिसच्या जोरावर झालं नाही हे कबूल.

आता उरलेलं अर्धं. २००४ ची फ्रेंच ओपन, दोन रशियन मुलींची पहिलीच ग्रँड स्लॅम फायनल. मिस्किनाकडून ६-१, ६-२ अशी हार, अन् त्यात डेमेंटिएव्हाचे १० डबल फॉल्ट. हिशोब करा: सेट जिंकायला किमान २४ गुण लागतात, इथे १० गुण बॉल खेळात येण्याआधीच गेले. त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये मोरेस्मो अन् कॅप्रियाती दोघींना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवून ती फायनलला आली, तिथे कुझनेत्सोव्हाकडून ६-३, ७-५.

तरी ती टिकली ती पायांवर अन् रिटर्नवर. स्वतःची सर्व्हिस तुटली, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम हरला, तर समोरचीची तोडायची, हा तिचा धंदा. रिटर्नला बेसलाइनच्या जवळ उभी राहायची, बॅकस्विंग आखूड, बॉल वर चढतानाच घ्यायची. दोन हातांचा बॅकहँड लाइनवर मारायची तो तर पाहण्यासारखा. मुलींना दाखवायचे असतील तर हेच व्हिडिओ दाखवा. तिची सर्व्हिस दाखवू नका, पोट्ट्या वाईट तेवढं लगेच उचलतात.

वऱ्हाडी_टॉपस्पिन

वरच्या भाऊंनी आकडे दिले, मी सर्व्हिसचं सांगतो.

तिचा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला बॉल, उजवीकडे फार लांब जायचा. बॉल बाजूला गेला की रॅकेट वरून येऊ शकत नाही, बाजूनेच कापत जाते. म्हणून निव्वळ स्लाइस (आडव्या फिरकीची सर्व्हिस), कमी वेगाची अन् खाली राहणारी. ड्यूस कोर्टात (उजवीकडून सर्व्हिस करताना) ती रिटर्नवालीला बाहेर खेचते, ठीक आहे. अॅडव्हांटेज कोर्टात (डावीकडून करताना) तीच सर्व्हिस उजव्या हाताने खेळणारीच्या अंगाकडे, फोरहँडकडे वळते. दुसरी सर्व्हिस अशी आली की समोरची दोन पावलं आत येऊन ठोकते.

दुसरी सर्व्हिस नेटमध्ये का जाते याचं कारण भूमितीत आहे. बेसलाइन ते नेट ११.८९ मीटर, नेट ते सर्व्हिस लाइन ६.४० मीटर, मध्यभागी नेट ०.९१ मीटर. बॉल सरळ रेषेत नेटला चाटून सर्व्हिस लाइनवर पडायचा असेल तर तो सुमारे २.६ मीटर उंचीवर मारावा लागतो. पाच फुटांच्या मुलीचा बॉल साधारण २.३ मीटरवर लागतो. म्हणजे सपाट खाली मारणं तिच्यासाठी गणितातच बसत नाही. बॉल वर उचलून, फिरकी देऊनच आत टाकावा लागतो. घाबरून हात हळू केला की फिरकीही जाते अन् बॉल नेटमध्ये.

आधी मूठ बघा. बहुतेक मुली सराटा (उलथणं) धरल्यासारखी रॅकेट धरतात, तोंड सरळ समोर. त्या मुठीत फिरकी येतच नाही. हातोड्याने खिळा ठोकताना धरतो तशी, कड पुढे करून धरायला लावा. पहिले दोन-तीन आठवडे बॉल डावीकडे पळतील, तेव्हा जुन्या मुठीवर परत जाऊ देऊ नका.

मग टॉस. बॉल बोटांच्या टोकांवर, हात सरळ, डोळ्यांच्या उंचीवर सोडायचा, मनगट अजिबात हलवायचं नाही. सोडायला उशीर झाला तर बॉल डोक्यामागे जातो, मनगट झटकलं तर बाजूला. पुढच्या पायाच्या वीतभर पुढे, किंचित उजवीकडे रॅकेट जमिनीवर ठेवा, टॉस करून बॉल न मारता पडू द्या. दहापैकी आठ वेळा रॅकेटच्या जाळीवर पडला पाहिजे. तोवर सर्व्हिस बंद, फक्त टॉस.

त्यानंतर गुडघ्यांवर बसून सर्व्हिस लाइनवरून सर्व्हिस. सिमेंट आहे, गुडघ्याखाली गोणपाटाची जाड घडी हवीच. बसल्यावर उंची जाते, त्यामुळे बॉल वर मारल्याशिवाय नेटपलीकडे जातच नाही. हाताला ते आपोआप कळतं, समजावत बसावं लागत नाही. घड्याळाचा काटा डोळ्यासमोर आणा: रॅकेट ८ कडून २ कडे घासत गेली पाहिजे. पूर्ण किक सर्व्हिस (टप्पा पडून उंच उसळणारी) या वयात नको, टॉस डोक्यामागे नेऊन कंबर वाकवावी लागते.

शेवटी बेसलाइनवर. नेटच्या दोन्ही टोकांना बांबू बांधून नेटच्या दोन फूट वर सुतळी ताणा. दुसरी सर्व्हिस सुतळीवरूनच जायला हवी, आत पडली नाही तरी चालेल. एका वेळी ४०-५० च्या वर सर्व्हिस नको, अन् खांदा दुखतो म्हटलं की त्या दिवशी थांबायचं.

काळी_माती

पालकांच्या बोलण्यातला एक मुद्दा खटकला. "ती सर्व्हिस तशीच ठेवून जिंकली" असं नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिची सर्व्हिस पुष्कळ सुधारली होती, अन् मोठे निकाल तिथेच आहेत. २००८ बीजिंग: उपांत्यपूर्व फेरीत सेरेना, उपांत्य फेरीत झ्वोनारेव्हा, अंतिम सामन्यात साफिनावर ३-६, ७-५, ६-३. झ्वोनारेव्हाला कांस्य, तिन्ही पदकं रशियाला. २००९ ची सुरुवात ऑकलंड अन् सिडनी जिंकून. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत सेरेनाविरुद्ध तिला मॅच पॉइंट मिळाला होता. सामना २ तास ४९ मिनिटं चालला अन् ६-७, ७-५, ८-६ असा गेला. ऑगस्टमध्ये टोरांटोला शारापोव्हाला हरवून विजेतेपद. ग्रँड स्लॅम मात्र एकही नाही. पालकांना हे दोन्ही सांगा.

दुहेरीही विसरू नका. २००५ च्या फेड कप (महिलांची देशादेशांतली सांघिक स्पर्धा) फायनलमध्ये पॅरिसला तिने दोन्ही एकेरी जिंकल्या, अन् निर्णायक दुहेरी साफिनासोबत. शालेय सामन्यांत दुहेरी असेल तर कच्च्या सर्व्हिसवालीची जोडीदार नेटवर पक्की पाहिजे, अन् सर्व्हिस मधल्या रेषेकडे, म्हणजे समोरचीला कोन मिळत नाही.

आपल्याकडचं एक. मार्चनंतर दुपारी वारा सुटला की उंच टॉस भरकटतो, टॉस वीतभर खाली आणा अन् लवकर मारा. मे महिन्यात सराव सकाळी साडेसातच्या आत उरका. सिमेंटवर बॉलची लव लवकर झडते, मेलेल्या बॉलवर रिटर्नचा सराव फुकट. १५० सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल ८० ते ८७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. कमी उसळला तर तो टॉससाठी ठेवा.

क्रीडाशिक्षक_आर्वी

सर्वांचे आभार. एकीची मूठ आजच बदलून पाहिली, सगळे बॉल डावीकडच्या कुंपणाला जाऊन राहिले. हे सांगितलंच होतं तुम्ही. पण स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. आता बदलू की नंतर?

वऱ्हाडी_टॉपस्पिन

सर, तीन आठवड्यांत मूठ बसत नाही, स्पर्धेत अर्धी जुनी अर्धी नवी होऊन दोन्ही सर्व्हिस जातील. मूठ स्पर्धेनंतर. आता फक्त टॉस अन् सुतळी. अन् रोज २० मिनिटं रिटर्न: तुम्ही सर्व्हिस लाइनवरून टाका, मुलीने बेसलाइनच्या आत एक पाऊल उभं राहून आखूड स्विंगने खोल मारायचं. डावीकडे जाणाऱ्या बॉलचं म्हणाल तर सरावात तिला कोर्टाच्या उजव्या कोपऱ्यावर नेम धरायला सांगा, मनगट बाहेर वळायला लागलं की बॉल सरळ येतो.

रिटर्न_आधी

अन् सरावात दोन्ही मुलींचे डबल फॉल्ट वहीत लिहा, कोर्टाच्या बाजूसकट. अॅडव्हांटेज कोर्टात जास्त निघाले तर टॉस उजवीकडे पळून राहिला असं समजा.