मदत हवी आहे: कंबरदुखीवर क्रॅटम घेतलं तर चालेल का?

टेकडीकाठी: कंबर तीन वर्षं दुखतेय, डावा पाय पोटरीपर्यंत भरून येतो. क्रॅटमची, म्हणजे त्या झाडाच्या पानांची, पावडर मागवली, पाकीट समोर आहे. किती घेऊ? "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, ते करून झालंय.

गोळीचिठ्ठी: सध्या औषधं कोणती चालू आहेत?

टेकडीकाठी: नेहमीचीच.

गोळीचिठ्ठी: नावं आणि मिलिग्रॅम लिहा. सगळं त्यावरच अडलंय. पाकिटावर काय छापलंय तेही सांगा.

कर्वेनगर७७: क्रॅटम म्हणजे आपला कळंबच हो. झाडपाल्याला काय घाबरायचं?

पानफुटी: नाही. कळंब म्हणजे मिट्रागायना पार्विफोलिया, क्रॅटम म्हणजे मिट्रागायना स्पेसिओसा. भाऊबंद खरे, पण जात वेगळी. क्रॅटममधलं मिट्राजायनिन मेंदूत मॉर्फिनच्याच जागी जाऊन बसतं. थायलंडमध्ये १९४३ पासून बंदी होती, २०२१ मध्ये उठली. तिथे ताजी पानं चघळतात. पाकिटातल्या पावडरीत किंवा अर्कात किती जोर आहे ते नुसतं बघून कळत नाही.

टेकडीकाठी: प्रेगाबॅलिन ७५ रात्री, ट्रामाडॉल ५० दोनदा. पाकिटावर "मानवी सेवनासाठी नाही" असं बारीक अक्षरांत आहे. बॅच नंबर सापडत नाही.

गोळीचिठ्ठी: मग उघडूच नका. ट्रामाडॉलमधून दुखणं थांबवणारं द्रव्य यकृतातल्या सीवायपी२डी६ या एन्झाइममुळे तयार होतं. मिट्राजायनिन नेमकं तेच अडवतं. दुखणं तसंच राहतं, ट्रामाडॉल रक्तात साचतं आणि फिट येण्याचा धोका वाढतो. त्यात प्रेगाबॅलिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरचं गुंगी आणणारं औषध, त्यामुळे झोपेत श्वास मंदावण्याची भीती. सकाळी हे, रात्री ते असं केलंत तरी सुटका नाही, मिट्राजायनिन एका दिवसात अंगातून जात नाही.

कर्वेनगर७७: मग ट्रामाडॉल बंद करून नुसतं क्रॅटम घ्यायचं.

गोळीचिठ्ठी: असं कुणाला सांगू नका, कळकळीने सांगतोय. ट्रामाडॉल एकदम तोडलं तर घाम, जुलाब, तगमग. प्रेगाबॅलिन तोडलं तर फिटही येऊ शकते. क्रॅटमची सवय लागते ती वेगळीच. काहींचं यकृत पहिल्या काही आठवड्यांतच बिघडतं: लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे. शिवाय २०१८ मध्ये अमेरिकेत क्रॅटममधून साल्मोनेला हे जुलाबाचे जंतू पसरून १९९ जण आजारी पडले.

शेकशेगडी: निर्गुडीचा पाला गरम करून शेका. रोज सकाळी तळजाईची टेकडी चढा.

पानफुटी: पाय भरून येतोय त्यांचा, टेकडी कशाला? सपाटीवर दहा-दहा मिनिटं चालू द्या.

मणकेदुरुस्ती: कुणी विचारलंच नाही. जांघेत बधिरपणा आहे का? लघवी अडते का? पाऊल लुळं पडतं का? यातलं काही असेल तर आजच इमर्जन्सीत जा.

टेकडीकाठी: तिन्ही नाही. पाकीट कपाटात टाकलं. शुक्रवारी पेन क्लिनिकची वेळ मिळाली. एमआरआय दोन वर्षांपूर्वीचा आहे, चालेल?

मणकेदुरुस्ती: न्या, रिपोर्टबरोबर फिल्मही. ते पाकीटही दाखवा. तोवर ट्रामाडॉल घेतल्यावर किती तास बरं वाटतं आणि पाय किती चालल्यावर भरतो ते रोज लिहून ठेवा, डोस ठरवताना ते आधी विचारतील.