मागच्या डाव्या दाराची काच वर येत नाही, बजेट १५००. मोटर घेऊ की स्विच?

मुक्कामपोस्ट_दापोली:
११ वर्षं जुनी हॅचबॅक, चारही पॉवर विंडो. मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकली आहे. ड्रायव्हरकडच्या बटणाने वरही नाही, खालीही नाही. त्या दारावरच्या बटणाने खाली जाते, पण वर येत नाही. वर दाबल्यावर आवाजसुद्धा नाही. बाकीच्या तिन्ही ठणठणीत. विंडो लॉक दाबलेलं नाही. तूर्त प्लास्टिक चिकटवलंय, दापोलीचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. बजेट १५०० रुपये, त्यावर एक रुपया नाही.

डिझेल_दादा:
मोटर गेली भाऊ. मोटर आणि रेग्युलेटर (काच वरखाली नेणारी यंत्रणा) दोन्ही एकदम बदला, कंपनीचंच घ्या. ४-५ हजार जातील पण डोक्याला ताप नाही. माझ्या दोन्ही गाड्यांना कंपनीचाच माल आहे, आजतागायत तक्रार नाही.

मुक्कामपोस्ट_दापोली:
भाऊ नाही, ताई. आणि बजेट वर लिहिलंय.

फ्यूज_आधी:
आधी फ्यूज! सगळे मोटरच्या मागे लागतात आणि निघतो २० रुपयांचा फ्यूज. डॅशबोर्डखालच्या डब्यात पॉवर विंडोचा असतो, बहुतेक २० किंवा ३० अँपिअरचा. जेवढ्याचा निघाला तेवढ्याचाच घाला.

सिलिकॉन_स्प्रे:
काचेचं रबर सुकलं असणार. चॅनलमध्ये, म्हणजे काच सरकते त्या खाचेत, सिलिकॉन स्प्रे मारा, काच चारदा खालीवर करा, लोण्यासारखी चालेल.

उलटा_अर्थ:
ताईंनी लक्षण इतकं नेमकं लिहिलंय, ते कुणी वाचलंय का? काच खाली जाते. फ्यूज उडाला असता तर खालीही गेली नसती. मोटर मेली असती तरी तेच. रबर सुकलं असतं तर काच कण्हतकुंथत का होईना हलली असती, निदान मोटरचा आवाज आला असता.

या मोटरला दोनच वायरी असतात. वर न्यायची तर एकीत १२ व्होल्ट आणि दुसरी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या वजा टोकाला; खाली न्यायची तर उलट. बटण सोडलं की दोन्ही अर्थला. गोम अशी, की बऱ्याच गाड्यांत मागच्या दाराला हा अर्थ ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधून (त्याच्या दारावरच्या सगळ्या काचांच्या बटणांमधून) येतो. मास्टरपासून मागच्या बटणापर्यंत एक 'वर'ची आणि एक 'खाली'ची वायर जाते. 'खाली'ची तुटली की मास्टरवरून दोन्ही दिशा बंद, कारण खाली दाबलं तर करंट पोचत नाही आणि वर दाबलं तर परतीची वाट नाही. मागच्या बटणाला स्वतःचे १२ व्होल्ट वेगळे येतात. तिथून खाली दाबलं की करंट 'वर'च्या शाबूत वायरीतून परततो, म्हणून काच जाते. वर दाबलं की परतीची वायर तुटलेली. म्हणून गप्प.

खात्रीसाठी रात्री आतला दिवा लावा, इग्निशन चालू ठेवून मागचं बटण वर दाबा. दिवा किंचितही मंद झाला नाही तर करंट वाहतच नाही, म्हणजे तुटलेली वायर. मंद झाला आणि काच हलली नाही, तर मोटरला करंट मिळतोय पण काहीतरी अडकलंय. मग सिलिकॉनवाल्यांचं ऐका.

मास्टरवरून खाली गेली असती आणि फक्त वर आली नसती, तर मास्टरचा कॉन्टॅक्ट जळलाय म्हटलं असतं.

डिझेल_दादा:
एवढं शास्त्र करण्यापेक्षा मोटर बदलली की संपलं.

नानापेठ_स्पेअर:
अर्थवाले साहेब बरोबर आहेत. वायर जिथे दाराबरोबर वाकते तिथेच तुटते, म्हणजे दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत. ताई, डाव्या दाराची ती नळी सोलून बघा.

उलटा_अर्थ:
आधी ड्रायव्हरच्या दाराची. मास्टरच्या वायरी तिथूनही जातात आणि सगळ्यात जास्त उघडझाप त्याच दाराची. एकाने मागचं 'वर'चं बटण दाबून ठेवायचं, दुसऱ्याने ड्रायव्हरच्या दाराची नळी हलवायची, मग मागच्या दाराची. काच हलली की जागा सापडली. वरचं प्लास्टिक अखंड आणि आतली तार तुटलेली, असं सर्रास होतं. वायर हलकेच ओढली तर रबरासारखी ताणते, तीच ती. जोडताना बहुतारी वायर घ्या, दीड स्क्वेअर एमएम, १५ सेंटीमीटर पुरे. घरातली एकतारी नको, ती पुन्हा तुटते. जोड नळीच्या वाकत्या भागात येऊ देऊ नका. सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप पावसाळ्यात सुटते.

कपलर_काढा:
तोवर काच वर न्यायची असेल तर डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढा. हँडलच्या आतल्या टोपीखाली एक स्क्रू, आर्मरेस्टमध्ये एक, बाकी कडेने क्लिपा. ४-५ क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा, तुटतातच. मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून तिच्या दोन पिनांना बॅटरीवरून वायर द्या, बॅटरीच्या टोकाला २० अँपिअरचा फ्यूज घालूनच. काच खाली जाऊ लागली तर वायरी उलट करा. टप्प्याटप्प्याने द्या, वर टेकल्यावर दाबून धरू नका. आतलं पातळ प्लास्टिक फाडू नका आणि बसवताना नीट चिकटवा, नाहीतर दारातलं पाणी थेट पायाखाली येतं.

सिलिकॉन_स्प्रे:
पॅड काढलंच आहे तर चॅनलला स्प्रे मारून घ्या. खोबरेल तेल नको, ग्रीस नको, धूळ धरतं.

फ्यूज_आधी:
खोबरेल तेल मी वर्षानुवर्षं लावतोय, काही होत नाही.

सिलिकॉन_स्प्रे:
म्हणूनच तुमची काच चरचरत असेल.

मुक्कामपोस्ट_दापोली:
दिवा मंद झाला नाही. ड्रायव्हरच्या दाराची नळी हलवल्यावर काच दोनदा थरथरली. बॅटरीवरून काच वर नेली. मोटरचा कपलर काढलेलाच ठेवला आहे, त्यावर टेप गुंडाळली. वायर दिवाळीनंतर बघू. मागे बसणाऱ्यांना काच उघडायची कुणाला पडली आहे पावसात!

उलटा_अर्थ:
अहो ताई, ५० रुपयांच्या वायरीचं काम आहे!

नानापेठ_स्पेअर:
ठेवायचीच तर मास्टरवरचं त्या काचेचं 'खाली'चं बटण कुणालाही दाबू देऊ नका. तुटलेलं टोक पत्र्याला टेकलं तर फ्यूज उडेल आणि काही गाड्यांत बाकीच्या काचाही त्याच फ्यूजवर असतात.

मुक्कामपोस्ट_दापोली:
त्या बटणावर चिकटपट्टी लावली. आजवरचा खर्च फ्यूज, चार क्लिपा आणि टेप.

डिझेल_दादा:
मोटर मात्र बघून ठेवा.