अमेरिकेतील महानगरांमध्ये खुनांचे प्रमाण इतके वेगवेगळे का?

धागाकर्ता

मूल अमेरिकेत शिकायला निघाले की 'सर्वांत धोकादायक शहरां'ची एखादी यादी घरोघरी चाळली जाते आणि सेंट लुईस किंवा बाल्टिमोर येथे प्रवेश मिळालेल्यांच्या पालकांची झोप उडते. अशा याद्यांमध्ये पहिली गफलत भागाकारातच होते, असे माझे मत आहे. सेंट लुईसने १८७६ मध्ये भोवतालच्या काउंटीशी (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) फारकत घेतली, आणि तेव्हापासून त्या शहराची हद्द सुमारे ६२ चौरस मैलांवर गोठलेली आहे. १९५० मध्ये तेथे साडेआठ लाख लोक राहत होते, २०२० मध्ये तीन लाख उरले. ज्यांना परवडले ते बहुतेक हद्द ओलांडून काउंटीत गेले. त्या काउंटीत आज दहा लाखांच्या आसपास वस्ती आहे, पण शहराचा दर काढताना त्यातले कोणीही मोजले जात नाही. ह्यूस्टनने मात्र आजूबाजूचा प्रदेश सामावून घेत आपली हद्द ६०० चौरस मैलांच्या पुढे नेली, त्यामुळे तेथील अनेक शांत वसाहती शहराच्याच लोकसंख्येत धरल्या जातात. सेंट लुईसमध्ये २०२० साली २६३ खून झाले, म्हणजे लाखामागे सुमारे ८७. हा आकडा भयंकर आहे, पण तो एका महानगराचा नसून त्याच्या कापून वेगळ्या ठेवलेल्या गाभ्याचा आहे.

तो गाभाही एकसारखा नाही. डेलमार बुलेव्हार्ड या रस्त्याच्या उत्तरेला प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि गरीब वस्ती आहे, तर दक्षिणेला प्रामुख्याने गोरी आणि सुस्थितीतील. ही रेघ आपोआप उमटलेली नाही. याच शहरातील लाबादी ॲव्हेन्यूवरील एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये निकाल दिला, की घर कृष्णवर्णीयांना न विकण्याचे खासगी करार न्यायालयांनी अमलात आणता कामा नयेत. तोवर अशा करारांनी कोणी कोठे राहायचे हे ठरवून टाकले होते. ज्या मोहल्ल्यांतून पुढे कारखाने, बँका आणि दुकाने निघून गेली, तेथेच गोळीबार साचत गेला. म्हणून शहरांमधला फरक हा मुख्यतः अशा मोहल्ल्यांचा शहरातील वाटा किती, याचा फरक आहे.

प्रतिसाद १

इतिहास मान्य आहे, परंतु इतिहास जागचा हलत नाही आणि खुनांचे आकडे मात्र हलतात, याचे काय करायचे? न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० हून अधिक खून झाले आणि २०१७ मध्ये ३०० पेक्षाही कमी. हद्द तीच, पाच बरो (शहराचे मोठे विभाग) तेच, गरीब मोहल्लेही बरेचसे तेच. बदलले ते पोलिसांचे काम. १९९४ पासून 'कॉम्पस्टॅट' पद्धतीत प्रत्येक ठाण्याच्या प्रमुखाला नकाशावर गुन्ह्यांचे ठिपके दाखवून वरिष्ठांसमोर उत्तर द्यावे लागू लागले. मनुष्यबळही वाढवले गेले. जे शहर पोलिसांना पैसा, अधिकार आणि जबाबदारी देते ते सुरक्षित होते, असा याचा सरळ अर्थ मी लावतो. सगळे खापर भूतकाळावर फोडले, तर आजच्या महापौरांना जाब विचारण्याचे कारणच उरत नाही.

धागाकर्ता

जाब विचारायलाच हवा, पण नेमका कशाबद्दल? त्याच न्यूयॉर्कमध्ये २०११ साली पोलिसांनी रस्त्यावर लोकांना अडवून जाबजबाब आणि झडती घेण्याचे प्रकार सुमारे ६ लाख ८५ हजार नोंदले गेले. २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली, आणि काही वर्षांत हा आकडा दहा-बारा हजारांच्या घरात आला. खून वाढले नाहीत. आपण उल्लेख केलेला २०१७ चा नीचांक त्यानंतरचा आहे. नकाशा पाहून नेमक्या जागी माणसे नेमणे मला पटते. अख्ख्या मोहल्ल्याला संशयित धरणे पटत नाही, आणि आकडेही त्याच्या बाजूने उभे राहत नाहीत.

प्रतिसाद २

या चर्चेत बंदुकीचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. मारामारी सगळीकडे होते. तिचा शेवट रुग्णालयात होतो की शवागारात, हे हाताशी काय आहे त्यावर ठरते. न्यूयॉर्क राज्यात पिस्तुलासाठी १९११ पासून परवाना लागतो. सेंट लुईस ज्या राज्यात आहे त्या मिसुरीने खरेदीपूर्व परवान्याची अट २००७ मध्ये काढून टाकली आणि २०१७ पासून विनापरवाना पिस्तूल लपवून बाळगण्यासही मुभा दिली. सेंट लुईसच्या नगरपालिकेची इच्छा काहीही असो, कायदा राज्याच्या विधिमंडळाचा चालतो. शिकागोत कडक नियम असून खून होतात, हा नेहमीचा आक्षेपही तपासून पाहावा. शिकागोच्या नगर प्रशासनाच्या २०१७ च्या अहवालानुसार, माग काढलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक परराज्यांतून आल्या होत्या आणि सुमारे पाचवा हिस्सा एकट्या शेजारच्या इंडियानातून. राज्याची सीमा शहराला लागूनच असल्यावर एका बाजूच्या कडक कायद्याचा उपयोग मर्यादितच राहणार.

प्रतिसाद ३

मग एल पासोचे काय? टेक्सासमधले शहर, म्हणजे बंदुकांचे नियम सैल; गरिबी राष्ट्रीय सरासरीहून अधिक; नदीपलीकडे मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस, जेथे २०१० च्या सुमारास अमली पदार्थांच्या टोळ्यांनी हजारो माणसे मारली. तरीही एल पासोचा खुनांचा दर अमेरिकेतील मोठ्या शहरांत वर्षानुवर्षे कमी राहिला आहे. २०१९ मध्ये दुकानात २३ जणांचा बळी घेणारा हल्लेखोरही बाहेरून, डलास परिसरातून गाडी चालवत आलेला होता. गरिबी अधिक बंदूक बरोबर खून, हे समीकरण येथे लागू पडत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील नात्यांची वीण, एकमेकांच्या मुलांवर असलेले लक्ष, शेजाऱ्याने शेजाऱ्याला हटकण्याची तयारी यांचा विचार करावाच लागेल. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या मोहल्ल्यांचा अभ्यास करून १९९७ मध्ये हेच मांडले होते: जेथे शेजाऱ्यांचा परस्परांवर विश्वास आणि हस्तक्षेपाची तयारी असते, तेथे तितक्याच गरिबीतही हिंसा कमी आढळते.

प्रतिसाद ४

हा विश्वास शेजाऱ्यांपुरता नसतो, पोलिसांच्या बाबतीतही तेच लागू आहे, आणि बाल्टिमोरकडे पाहिले की ते कळते. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे या तरुणाचा पोलीस कोठडीत जखमी होऊन मृत्यू झाला आणि त्या वर्षापासून सलग आठ वर्षे तेथे दरवर्षी तीनशेहून अधिक खून झाले. २०१७ मध्ये बेकायदा बंदुका शोधण्यासाठी नेमलेल्या खास पथकातील पोलिसांवरच लूटमारीचे आरोप सिद्ध होऊ लागले. हे पोलीस नागरिकांची रोकड आणि अमली पदार्थ लुबाडत होते. अशा पोलिसांना खुनाची साक्ष द्यायला कोण पुढे येईल? साक्ष नाही म्हणून उकल नाही, उकल नाही म्हणून मेलेल्याचे मित्र स्वतःच सूड घेतात, आणि एका खुनातून पुढचा खून जन्मतो. पोलीस किती आहेत, यापेक्षा गेल्या महिन्यातला मारेकरी पकडला गेला का, हा प्रश्न त्या गल्लीत महत्त्वाचा असतो.

प्रतिसाद १

बाल्टिमोरचे उदाहरण आपण अर्धेच सांगितलेत. २०२२ मध्ये तीनशे तीसच्या पुढे असलेले खून २०२४ मध्ये २०१ वर आले, आणि मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, आयव्हन बेट्स मुख्य सरकारी वकील झाले. बेकायदा बंदूक बाळगणाऱ्या सराईत गुन्हेगारांसाठी त्यांनी तुरुंगवासाचा आग्रह धरला. कठोरपणा आला आणि खून उतरले.

धागाकर्ता

त्या दोन वर्षांत देशभरातच खून साधारण चौथ्या हिश्श्याने घटले, त्यामुळे सगळे श्रेय एका कार्यालयाला देता येत नाही. तरीही बाल्टिमोरची घट त्याहून मोठी, चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तिचा खुलासा द्यावाच लागतो. बॉस्टनने १९९० च्या दशकात जे केले त्याच धर्तीची योजना बाल्टिमोरच्या पश्चिम विभागात २०२२ च्या आरंभी सुरू झाली: गोळीबारात गुंतलेल्या मोजक्या तरुणांना गाठायचे, नोकरी, निवारा, उपचार यांची मदत देऊ करायची आणि तरीही बंदूक चालवली तर खटला अटळ आहे हे बजावायचे. उरलेले शहर होते तेथेच असताना त्या एका विभागातील गोळीबार त्याच वर्षी लक्षणीय घटला, आणि तेव्हा बेट्स पदावर आलेलेही नव्हते.