मोहेंजोदडोची ‘पशुपती’ मुद्रा: शिव म्हणायचं का?

गोदाकाठ:
शाळेच्या पुस्तकापासून सिंधू संस्कृतीची ही मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचा शिक्का, डोळ्यांत बसलीय. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा दगड. टाचा जुळवून बसलेली शिंगवाली आकृती, भोवती हत्ती, वाघ, गेंडा, रेडा. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९३१ साली तिला शिवाचं आद्य रूप ठरवलं आणि आपण तेच घोकत आलो. माझ्या मते आता हे थांबवावं. ऋग्वेदात इंद्राला अडीचशेच्या आसपास सूक्तं, रुद्राला, म्हणजे शिवाच्या वैदिक रूपाला, जेमतेम तीन. त्यातही विनवणी काय, तर ‘मा नो गोषु मा नो अश्वेषु रीरिषः’. आमच्या गायीघोड्यांना इजा करू नकोस! ज्याच्यापासून जनावरं वाचवायची, तो पशूंचा स्वामी कसा?

संहितापाठी:
सोयीची ऋचा उचललीत. त्याच सूक्ताच्या (१.११४) पहिल्या ऋचेत ‘शमसद्द्विपदे चतुष्पदे’ आहे, म्हणजे दोनपायी-चारपायी सगळ्यांचं भलं होवो. मारणारा आणि राखणारा एकच, हेच तर रुद्राचं वैशिष्ट्य. पुढे यजुर्वेदातल्या शतरुद्रीय स्तोत्रात त्याला सरळ पशुपती म्हटलंय, आणि अथर्ववेदात (११.२) रानातली श्वापदंसुद्धा त्याचीच आहेत. मुद्रेवर तरी दुसरं काय आहे?

गोदाकाठ:
अथर्ववेद मान्य. पण मुद्रा आणि तो ग्रंथ यांच्यात हजारेक वर्षांचं अंतर आहे, ते कशाने भरणार? मार्शलना तीन मुखं दिसली. त्यातली बाजूची दोन म्हणजे रेड्याचे कान असावेत, असं अभ्यासक डॉरिस श्रीनिवासन यांचं म्हणणं. मुद्रा पुन्हा नीट बघा, मला तरी ते पटतं.

रानवाट:
रेडाच असेल तर बिघडलं कुठे? आपल्याकडे गावोगावच्या शिवेवर म्हसोबा शेंदूर माखून बसलाय, त्याला कोणत्या संहितेने परवानगी दिली होती? देव ग्रंथातूनच आला पाहिजे, हा हट्ट तुम्हा दोघांचाही आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला, एका प्राचीन वसाहतीच्या जागी, १९७४ साली काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. यातले तीन प्राणी त्या मुद्रेवरही आहेत. पूजा कुणाची होती कोण जाणे, पण ही जनावरं त्या लोकांना महत्त्वाची होती एवढं नक्की.

संहितापाठी:
म्हसोबाला कुणी नाकारलं नाही. पण म्हसोबा थेट चार हजार वर्षं मागे न्यायचा, तर मधल्या काळाचा पुरावा तुम्हालाही द्यावा लागेल. गोदाकाठांनी मला विचारलेला प्रश्न तुम्हालाही लागू.

रानवाट:
चालेल. मग मुद्रेखालच्या पाटीवर ‘शिव’ही नको आणि ‘म्हसोबा’ही. ‘शिंगं असलेली बसलेली आकृती’ एवढंच लिहा.

गोदाकाठ:
माझं मूळ म्हणणं याहून वेगळं काय होतं?

संहितापाठी:
वेगळंच होतं. तुम्ही रुद्राला बाद करायला निघाला होतात. मुद्रेवरची सिंधू लिपी अजून सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही. ती वाचली जाईपर्यंत शिव ‘सिद्ध नाही’ म्हणा, ‘नव्हताच’ म्हणू नका.