मदत हवी आहे : ‘संघ’ शब्दात ‘हन्’ कसा आला?

‘संघं सरणं गच्छामि’मधल्या ‘संघ’ची व्युत्पत्ति पाहिली तर सम् + हन्. हन् म्हणजे मारणे! अहिंसेचं व्रत घेतलेल्या भिक्खूंच्या समुदायाला हा धातू? ‘संहत’, ‘संघात’ यांत ‘एकत्र येणे, घट्ट जुळणे’ असा अर्थ दिसतो, म्हणजे उपसर्गानेच तो पालटला असावा. पाणिनीही ‘संघ’ गण या अर्थी देतो, आणि वज्जींसारखी गणराज्यंही संघच म्हणवली जात. मग बुद्धांनी हा राजकीय शब्द उचलला असं म्हणता येईल का?

दुसरं, विनयानुसार (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथानुसार) संघाला किमान 4 भिक्खू लागतात, पण जैनांच्या चतुर्विध संघात श्रावक-श्राविकाही (गृहस्थ अनुयायी स्त्री-पुरुष) येतात. हा फरक मुळात कशामुळे पडला? पाली-प्राकृत जाणणाऱ्यांनी कृपया सांगावं.