वाय-फायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर: खरंच धोका आहे का?

रात्रपाळी: आमच्या सोसायटीत बहुतेक घरांत वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर. जोडणी द्यायला आलेला मुलगा "काय ठेवू?" विचारतो आणि आपण नंबर सांगून मोकळे होतो. हे थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत ती जिन्यात बसलेल्या माणसालाही हवेतून टिपता येते. मग घरी जाऊन तो टिपलेल्या संदेशांशी एकेक पासवर्ड ताडून बघतो. राउटरला याचा पत्ताच नसतो, त्यामुळे तीनदा चुकलं की बंद, असा बंदोबस्त इथे चालत नाही. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो शक्यता तपासतं. काही तासांचं काम. शिवाय सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचे नंबर असतातच.

सांगलीचा_मास्तर: हिशेब बरोबर आहे, पण जिन्यात बसणाऱ्याच्या हाती लागणार काय? बँक, यूपीआय, मेल यांची वाहतूक आता मुळातच कूटबद्ध असते. माझ्या ओळखीत ज्यांचे पैसे गेले, त्यांनी फोनवर ओटीपी सांगितला होता किंवा कुणीतरी पाठवलेलं ॲप टाकलं होतं. वाय-फाय फोडून एकाचेही गेले नाहीत. २०१७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी डब्ल्यूपीए२ मधली 'क्रॅक' ही त्रुटी दाखवली, तेव्हाही केवढी घबराट झाली होती. तिच्यासाठीसुद्धा हल्लेखोर घराजवळच असावा लागतो. म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट शिकवता येणार असेल, तर अनोळखी फोन ठेवून द्यायला शिकवा.

वाशीकर: मास्तर, प्रश्न फक्त पैशांचा नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल आला. त्याचा माग निघाला आमच्या शेजारच्या सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्या अमेरिकी माणसाचा त्या मेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं, आणि चौकशीला मात्र त्याला सामोरं जावं लागलं. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची आपल्या जोडणीची ओळख, आपल्या नावावर असते, हे लोक विसरतात.

सांगलीचा_मास्तर: ते उघडं नेटवर्क होतं. तेव्हा पासवर्ड न ठेवणं हा दोष होता. आज जवळजवळ प्रत्येक घरी पासवर्ड आहे.

जोडणीवाला_नाशिक: मी हेच काम करतो. दोघंही वाय-फायच्या पासवर्डवर अडलात. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ च्या 'मिराई' या घातक सॉफ्टवेअरनं असे साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी कुणी कुणाच्या जिन्यात आलं नव्हतं. दुसरं म्हणजे डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची राउटरमधली सोय. त्याचा पिन ८ अंकी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून निघतो. म्हणजे दहा कोटींऐवजी फक्त ११ हजार प्रयत्न. २०११ पासून हे जगजाहीर आहे. नव्या राउटरमध्ये चुकीचे प्रयत्न अडवतात, जुन्यांचा भरवसा नाही. डब्ल्यूपीएस बंदच करा.

रात्रपाळी: हे दोन्ही पटलं. तरी मोबाइल नंबर नकोच. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. लक्षात राहतात आणि ताडून सापडणं फार अवघड. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा.

सांगलीचा_मास्तर: पासवर्ड बदलला की टीव्ही, कॅमेरा, फोन सगळं पुन्हा जोडावं लागतं. मुलं परदेशात आणि घरात दोघंच सत्तरीचे, तिथे हे कोण करणार? सेवा देणारी कंपनी दरमहा पैसे घेते. पहिल्या दिवशीच नीट बसवून देणं तिचं काम आहे. ग्राहकाच्या माथी कशाला मारायचं?

जोडणीवाला_नाशिक: मास्तर, हे शंभर टक्के खरं. पण आम्हाला पैसे जोडणीमागे मिळतात, समजावून सांगण्याच्या वेळाचे नाही. कंपनीनं प्रत्येक राउटरला वेगळा पासवर्ड देऊन तो खाली छापून पाठवला, तर मला विचारावंच लागणार नाही. काही कंपन्या तसे पाठवतातही. पण ग्राहकच म्हणतो, "हा अवघड आहे, माझा नंबर टाक."